कोडं सुटतं, मग डावात का दिसत नाही?

प्रश्न : रविवारी सकाळी गोल मैदानाजवळ आम्ही पाच-सहा हौशी मंडळी बुद्धिबळाचे डाव मांडतो. मी मोबाइलवर रोज कोडी सोडवतो. दोन-तीन खेळींत मात असेल तर बहुतेक वेळा सापडते. पण प्रत्यक्ष डावात काही सुचत नाही. डाव संपला की मित्र म्हणतो, ‘अरे, इथे घोडा टाकला असतास तर वजीर मिळाला असता!’ तेव्हा ते लख्ख दिसतं. संधी आली आहे हे खेळतानाच कसं ओळखायचं? की ही नजर उपजतच लागते?
– एक वाचक, उल्हासनगर

उत्तर : तुमची नजर ठीक आहे. कोड्यासोबत जी माहिती आयती मिळते ती डावात मिळत नाही, अडचण एवढीच आहे. कोड्याच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं, ‘पांढऱ्याची खेळी, तीन खेळींत मात.’ म्हणजे इथे काहीतरी दडलंय, ते कोणाच्या बाजूने आहे आणि किती खोल आहे, हे सगळं एक प्यादंही न हलवता कळलं. ही रीत फार जुनी आहे. १८१४ साली त्रेवंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळाच्या कोड्यांचं पुस्तक मुंबईत छापलं गेलं, तेव्हापासून आपल्याकडचे वाचकही अशी कोडी सोडवत आले आहेत. डावात असा मथळा नसतो. चाळीस खेळींच्या डावात खरी संधी दोन-तीनदाच येते आणि बाकी वेळ साधी, बऱ्यापैकी खेळी करायची असते. त्यामुळे मन त्या साध्या खेळींच्या लयीला लागतं आणि संधीची खेळीही त्याच लयीत निघून जाते.

मग डावात इशारा कोण देतं? समोरच्याची नुकतीच झालेली खेळी. हौशी डावांत बहुतेक संधी आपण घडवलेल्या नसतात, समोरच्याने नकळत सोडलेल्या असतात. कुठलाही मोहरा हलला की पटावर तीन गोष्टी बदलतात. एक, नव्या घरातून तो कशावर तरी रोख धरतो. दोन, जुन्या घरातून तो ज्याला जोर देत होता, त्याचा जोर जातो. तीन, त्याच्या हलण्याने कुठली तरी रेघ मोकळी होते किंवा अडते. आपण पहिली गोष्ट चटकन बघतो, कारण तिची भीती वाटते : ‘हा माझ्या हत्तीवर आला का?’ नाही म्हटलं की सुटकेचा नि:श्वास टाकून आपल्या बेताकडे वळतो. दुसरी आणि तिसरी गोष्ट बघायची राहते, आणि तुमच्या मित्राला डावानंतर दिसलेला वजीर बहुतेक वेळा तिथेच असतो.

एक उदाहरण पट मांडूनच बघा. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं ई४ वर आणलं, काळ्याने ई५. मग घोडा एफ३, काळ्याचं प्यादं डी६. पांढऱ्याचा उंट सी४, काळ्याचा उंट जी४. त्या उंटाने एफ३ च्या घोड्याला वजिरासमोर दाबून धरलं आहे. घोडा हलला तर डी१ वरचा वजीर जाणार. पांढऱ्याने दुसरा घोडा सी३ वर काढला. आता काळ्याची चौथी खेळी. इथून तीन वाटा बघू.

पहिली वाट : काळ्याने जी६ प्यादं सारलं. उंट जी७ वर बसवायचा बेत आहे. दिसायला शहाणी खेळी. पण ती खेळून काळ्याने काय केलं नाही? ई५ च्या प्याद्याला नवा जोर दिला नाही आणि जी४ वर एकटा उभा असलेल्या उंटाच्या पाठीशीही कोणी आणला नाही. म्हणून दाबलेला घोडाच उठतो आणि ई५ चं प्यादं मारतो. वजीर उघडा पडला! काळ्याने मोहाने उंटाने डी१ चा वजीर मारला, तर पांढरा उंट एफ७ चं प्यादं मारून शह देतो. राजाला ई७ हे एकच घर. आणि सी३ चा घोडा डी५ वर येऊन मात. वजीर नसताना तीन हलक्या मोहऱ्यांनी मात! आणि काळ्याने वजिराचा मोह टाळून डी६ च्या प्याद्याने ई५ चा घोडा मारला, तर पांढरा वजीर जी४ चा उंट उचलतो आणि एका प्याद्याने पुढे राहतो.

दुसरी वाट : जी६ ऐवजी काळ्याने घोडा सी६ वर काढला. बाकी पट तसाच. आता तीच हुशारी करून बघा. घोड्याने ई५ चं प्यादं मारलं की काळा वजिराकडे ढुंकूनही बघत नाही; सी६ चा घोडा ई५ वरचा घोडा मारतो. आता तो घोडा ई५ वरून जी४ च्या उंटाला जोर देतो आहे. पांढऱ्या वजिराने उंट मारला तर घोडा वजीर मारेल. वर सी४ चा पांढरा उंटही घोड्याच्या माऱ्यात. पांढऱ्याने एका प्याद्यासाठी घोडा घालवला. एका खेळीच्या फरकाने मात देणारा हार खातो.

तिसरी वाट : घोडा सी६ वर आहे, तरी पांढरा घाई करत नाही. तो एच३ प्यादं सारून उंटाला विचारतो, ‘जातोस की मारतोस?’ काळा उंट घोड्यावरचा दाब सोडायला नको म्हणून एच५ वर मागे सरतो. झालं! हा उंट आता जी४ वर नाही, एच५ वर आहे. आणि ई५ वर येणारा घोडा जी४ ला जोर देऊ शकतो, एच५ ला नाही. म्हणून आता घोड्याने ई५ मारणं पुन्हा चालतं. वजीर मारला तर तीच मात. सी६ च्या घोड्याने ई५ मारलं तर पांढरा वजीर एच५ चा उंट मारतो, काळा घोडा सी४ चा उंट मारतो, आणि वजीर बी५ वरून शह देऊन तो घोडाही गोळा करतो. हिशेब मांडला तर पांढरा एका प्याद्याने पुढे.

ही मात लेगाल या अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. प्रसिद्ध फिलिदोरचा तो गुरू. पुस्तकातून ती पाठ केलेले हौशी खेळाडू भरपूर आहेत आणि दुसऱ्या वाटेवर घोडा घालवून बसणारेही तेवढेच. नुसता नमुना पाठ असणं पुरत नाही. ‘या खेळीने कोणाचा जोर आला, कोणाचा गेला?’ हा प्रश्न विचारला तर तिन्ही वाटा आपोआप वेगळ्या होतात.

हा प्रश्न प्रत्येक खेळीला विचारायचा, पण खोल हिशेब प्रत्येक वेळी करायचा नाही. तसं केलं तर दुपार होईल आणि डाव संपणार नाही. खोल कधी जायचं, याची तीन लक्षणं आहेत. पहिलं, जोर नसलेला मोहरा. समोरच्याचा एखादा घोडा, उंट किंवा हत्ती कोणाच्याही आधाराविना उभा असेल तर थांबा. त्याच्यावर आत्ता कोणाचा मारा नसला तरी चालेल. दुहेरी मारा बसतो तो अशाच मोहऱ्यावर. इंग्लंडचे ग्रँडमास्टर जॉन नन यांचं म्हणणंच आहे की जोर नसलेले मोहरे शेवटी पडतात. दुसरं, कोंडलेला राजा. किल्लेकोट करून तीन प्याद्यांमागे बसलेल्या राजाला पळायला घर आहे का? नसेल तर शेवटच्या ओळीवर आलेला एक हत्ती पुरतो. तिसरं, एकाच माऱ्यात सापडतील असे दोन मोठे मोहरे : राजा आणि वजीर एका तिरक्यात, दोन हत्ती एका तिरक्यात, किंवा दोघे अशा घरांवर की मधल्या एका घरातून घोडा दोघांना गाठेल.

यातलं एक लक्षण दिसलं तर बघा, दोन दिसली तर घड्याळाची पर्वा न करता बसा. बसल्यावर क्रम ठरलेला : आधी आपले सगळे शह, मग सगळ्या मारामाऱ्या, मग धमक्या. ‘सगळे’ म्हणजे वेडगळ वाटणारेही. वजीर फुकट देणारी मारामारी आपण मनातूनच खोडून टाकतो आणि लेगालची मात तिथेच राहते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. नजर उपजत असते का? अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून ती रिकाम्या पटावर पुन्हा मांडायला सांगितली, तर मास्टर खेळाडू नवशिक्यांच्या खूपच पुढे गेले. पण तेच मोहरे पटावर कसेही विखरून दाखवले, तेव्हा मास्टरांची ती आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती जगावेगळी नव्हती. खऱ्या डावात पुन:पुन्हा येणारे मोहऱ्यांचे गट त्यांच्या ओळखीचे होते. ओळख सरावाने होते, आणि साठीतही होते. तुमच्या रोजच्या कोड्यांनी ती होतेच आहे. फक्त आता कोडं सोडवताना वरचा मथळा हाताने झाका. पांढऱ्याची खेळी की काळ्याची, तेवढंच बघा, आणि आधी लक्षणं मोजा, मग उत्तर शोधा.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे आणि स्पर्धा खेळतो. डाव संपला की लगेच मोबाइलवर इंजिन लावून बघतो, कुठे चुकलं ते त्याला क्षणात कळतं. तरी पुढच्या डावात तशीच चूक. इंजिन वापरू द्यावं का?
– एक पालक, अंबरनाथ

उत्तर : वापरू द्या, पण सगळ्यात शेवटी. इंजिन कुठली खेळी हवी होती ते सांगतं. मुलाला ती का दिसली नाही, हे त्याला सांगता येत नाही आणि सुधारणा तर त्या ‘का’मध्येच आहे. कोण वरचढ आहे ते दाखवणारी पडद्याच्या बाजूची पट्टी पांढऱ्याकडून काळ्याकडे झपकन गेली, की मुलगा ‘हां, घोडा जी५!’ म्हणतो आणि पुढे सरकतो. त्याने उत्तर वाचलं, शोधलं नाही.

स्पर्धेत खेळी लिहून ठेवाव्या लागतातच. तो कागद घेऊन आधी घरच्या लाकडी पटावर डाव पुन्हा मांडायला लावा. जिथे आपण गडबडलो किंवा समोरचा गडबडला असं त्याला वाटेल, तिथे त्याने स्वतःच खूण करावी. मग इंजिन लावून दोघांच्या खुणा जुळतात का ते बघा. लिचेस या संकेतस्थळावर डावाचं विश्लेषण फुकट होतं, आणि चुकलेल्या जागी परत नेऊन चांगली खेळी स्वतःलाच शोधायला लावण्याची सोयही तिथे आहे. ती वापरावी.

सुटलेल्या प्रत्येक संधीपुढे वहीत एक ओळ लिहायची : का दिसलं नाही? महिनाभरात ठरावीक कारणं पुन:पुन्हा येताना दिसतील. मोहऱ्याची मागे जाणारी खेळी न दिसणं हे फार सर्रास. आपलं मन पुढेच धावतं, आणि वजीर मागे येऊन शह देतो हे सुचतच नाही. पटाच्या दुसऱ्या टोकावरून लांब तिरक्याने येणारा उंट हे दुसरं. ‘हा मोहरा दाबलेला आहे, तो हलूच शकत नाही’ असं धरून चालणं हे तिसरं. वर लेगालच्या डावात काळ्याने तेच धरलं होतं. आणि ‘मी माझ्याच बेतात होतो’ हे चौथं, जे बहुतेकांच्या वहीत पहिल्या नंबरावर येतं. मुलाचं कारण कुठलं ते कळलं की त्याच प्रकारची कोडी महिनाभर द्या. हजार कोडी सरसकट सोडवण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं.

प्रश्न : बदलापूरहून सीएसएमटीला जाता-येता बसायला जागा मिळाली की तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतो. वर्षभरात शेकडो डाव झाले, रेटिंग मात्र आहे तिथेच. झटपट डावांनी नजर तयार होत नाही का?
– एक नोकरदार, बदलापूर (पूर्व)

उत्तर : जे आधीच माहीत आहे ते झटपट डावात पक्कं होतं. नवं काही शिकायला तिथे फुरसत नाही. तीन मिनिटांत चाळीस खेळी म्हणजे एका खेळीला साडेचार सेकंद, त्यातही ठाण्याला दारातली गर्दी सांभाळायची. अशा वेळी हात ओळखीच्या खेळींकडेच जातो. ‘कोणाचा जोर गेला?’ हा प्रश्न विचारायलाच चार सेकंद लागतात.

वेळ आटला की चूक कोणाच्याही हातून होते. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्यात झाली. लांब वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत : पहिला बरोबरीत, दुसरा काळे मोहरे घेऊन दिव्याने जिंकला. डावाच्या अखेरीस हंपीसारख्या मुरलेल्या खेळाडूच्या हातूनही चुका झाल्या. विश्वचषकाबरोबर दिव्याला ग्रँडमास्टर किताबही मिळाला. तिथे ही गत, तर अंबरनाथ ते कल्याणच्या दरम्यान आपली काय कथा!

जाताना झटपट डाव खेळा, मन रमतं. येताना मात्र पंधरा मिनिटांचा एकच डाव घ्या, प्रत्येक खेळीला काही सेकंद वाढवून मिळतील असा. नाही तर नवा डाव न खेळता सकाळच्या हरलेल्यांपैकी एक उघडा आणि समोरच्याने कुठल्या खेळीला काय सोडलं होतं ते शोधत बसा. घरी पोहोचेपर्यंत एक तरी सुटलेली संधी सापडेल.

प्रश्न : हे सगळं संधी साधण्याबद्दल झालं. मी उलट बाजूने हरतो. माझं सगळं छान चाललेलं असतं आणि अचानक एका खेळीत मात होते. असं मोठ्या खेळाडूंचं होतं का?
– एक वाचक, उल्हासनगर

उत्तर : होतं, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एका जगज्जेत्याचं आहे. २७ नोव्हेंबर २००६ रोजी जर्मनीत बॉनला व्लादिमिर क्रॅमनिक डीप फ्रिट्झ या संगणक-प्रोग्रॅमशी खेळत होता. त्याचा काळा राजा एच८ वर होता. संगणकाचा पांढरा वजीर बराच वेळ ई४ वर होता, तिथून तिरक्यात एच७ चं घर दिसतं. संगणकाच्या घोड्याने एफ८ वरचा काळा हत्ती मारला. क्रॅमनिकने त्याकडे मोहऱ्यांच्या मारामारीचा हिशेब म्हणूनच पाहिलं असावं. त्याने वजिरावजिरी करायला आपला वजीर ई३ वर आणला. पण हत्ती मारून एफ८ वर बसलेला घोडा तिथून एच७ ला जोर देत होता. संगणकाने वजीर एच७ वर ठेवला. एका खेळीत मात.

क्रॅमनिकसारख्याला ती दिसली नाही, याचं कारण समजण्यासारखं आहे. मारामारी झाली की आपण ‘काय गेलं’ ते मोजतो. मारणारा मोहरा आता कुठे उभा आहे आणि तिथून काय करतो आहे, हे बघायचं राहून जातं. वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी हीच पहिली. म्हणून बचावासाठी वेगळं काही शिकायला नको. तोच प्रश्न, तीच तीन उत्तरं, आणि एक भर : आपली खेळी ठरली की ती झालेली आहे असं समजून एकदा समोरच्याच्या जागेवरून बघा, त्याला कुठले शह मिळतात. हे सगळं हात मोहऱ्याला लागायच्या आधी. ‘हात लावला तो चालवा’ हा नियम तुमच्या रविवारच्या डावांतही पाळा; नियम कडक असला की बघण्याची सवय लवकर लागते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दोघे खेळतात आणि सहा जण उभे राहून बघतात. गंमत म्हणजे बघणाऱ्यांना सगळं दिसतं, खेळणाऱ्यांना नाही! त्यातल्या कोणाला एरवी फारसं खेळताही येत नाही. हे कसं?
– एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : बघणाऱ्याचा स्वतःचा काही बेत नसतो, म्हणून. खेळणारा गेल्या पाच खेळी एका हल्ल्याची जुळवाजुळव करत असतो. राजाच्या बाजूला पंधरा घरांत त्याचा जीव अडकलेला असतो. पलीकडच्या कोपऱ्यात हत्ती बेवारस पडला तरी त्याला ते दिसत नाही, कारण ते त्याच्या बेतात बसत नाही. उभा असलेला माणूस चौसष्टच्या चौसष्ट घरं सारख्याच कुतूहलाने बघतो. हरण्याची भीतीही त्याला नाही. शिवाय सहा जण मिळून दहा गोष्टी सुचवतात. त्यातली बरोबर निघालेली एक लक्षात राहते आणि चुकलेल्या नऊ कोणी मोजत नाही.

बघणाऱ्याचा हा फायदा खेळणाऱ्यालाही थोडाफार घेता येतो. स्पर्धेत समोरच्याची खेळी चालू असताना खेळाडू उठून चार पावलं चालतात, कधी प्रतिस्पर्ध्याच्या मागून पटाकडे नजर टाकतात. बसल्या जागीही करता येतं : समोरच्याने खेळी केली की क्षणभर स्वतःचा बेत विसरा आणि हा डाव दुसऱ्याच कोणाचा आहे असं समजून चारही कोपरे बघून घ्या. बेत कुठे पळून जात नाही.

राहिले ते सहा जण. डाव चालू असताना त्यांनी तोंड उघडायचं नाही, हे ठणकावून सांगा. स्पर्धेत प्रेक्षकाने डावात ढवळाढवळ केली तर त्याला बाहेर काढतात. डाव संपल्यावर मात्र त्यांना चहा पाजा आणि विचारा. ‘काय खेळायला हवं होतं?’ असं विचारू नका, त्यावर वाद होतील. ‘तुम्हाला हे कुठल्या खेळीनंतर दिसलं?’ एवढंच विचारा. उत्तर बहुतेक वेळा समोरच्याच्या एखाद्या साध्यासुध्या खेळीचं येईल, जिच्याकडे तुम्ही धड पाहिलंही नव्हतं. ती खेळी वहीत लिहून घ्या.